पाठीवर सॅक, समोर जयविलास: ग्वाल्हेरचा महाल कुणी नीट बघितलाय का?

सॅकवाला

ग्वाल्हेरच्या जयविलास महालावर इथे धागा सापडला नाही म्हणून काढतोय. राजस्थानवर ढिगानी लेख आहेत, हंपीवर तर विचारूच नका, पण ज्या गावात निम्म्या चौकांना मराठी सरदारांची नावं आहेत तिथे पुण्याचा माणूस आग्र्याला जाताना फक्त ट्रेनच्या खिडकीतून बघतो आणि पुढे जातो.

आम्ही चौघं मित्र सॅका पाठीवर टाकून झेलम एक्सप्रेसनी गेलो, स्लीपर क्लास, पोळीभाजीचे डबे, पत्ते वगैरे नेहमीचं. स्टेशनजवळ साधी लॉजची खोली घेतली, बॅगा टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेडई-जिलेबी हाणून ई-रिक्षानी महालावर. आधीच सांगतो, महाल आठवड्यातून एक दिवस बंद असतो (आम्ही गेलो तेव्हा बुधवारी असायचा), आमच्या शेजारच्या खोलीतली नाशिकची पोरं नेमकी बुधवारी जाऊन गेटवरून परत आली. तिकीट स्वस्त नाही, पण आत तीन तास सहज जातात.

महाल पांढरा, प्रचंड, आणि बघताक्षणी भारतातला वाटतच नाही. 1874 मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधून घेतला, आराखडा मायकेल फिलोज नावाच्या माणसाचा, मूळचं इटालियन घराणं पण पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कोरिंथियन असे युरोपी धाटणीचे खांब आहेत. आमच्यातला एक आर्किटेक्ट आहे, तो सगळ्यांना थांबवून थांबवून खांबांची डोकी दाखवत होता, आम्हाला भुका लागलेल्या. एका बाजूला घराण्याचं राहतं घर आहे ते बंद, बाकी भाग 1964 पासून म्युझियम.

आत मग सुरू होतं. पालख्या, बग्ग्या, भुसा भरलेले वाघ, चिनी भांडी, काचेचे कठडे असलेला जिना, पुन्हा पालख्या. सात-आठ दालनं झाली की डोळे बधिर होतात, खरंच सांगतो. पण दोन गोष्टींपाशी सगळे थांबतात. एक म्हणजे जेवणाच्या लांबलचक टेबलावरची चांदीची आगगाडी. टेबलावर रूळ टाकलेत, गाडीतून सिगार आणि ब्रँडी पाहुण्यांपुढे फिरायची आणि कुणी बाटली उचलली की गाडी जागच्या जागी थांबायची. दुसरी म्हणजे वरचा दरबार हॉल. तिथली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत असं सांगतात. ती टांगायच्या आधी छत वजन पेलतंय का बघायला वर हत्ती चढवले होते ही गोष्ट गाईड इतक्या रंगवून सांगतो की जणू तोच माहूत होता. छताला सोनेरी नक्षी, खाली एक अवाढव्य गालिचा, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपण ट्रेकचे बूट घालून उभे. लाज नाही वाटली पण जरा अवघडल्यासारखं झालं.

आता मुद्दा. संध्याकाळी किल्ल्यावर गेलो आणि वरून खाली बघितलं तर तो पांढरा महाल खाली सपाटीवर दिसत होता. मी मित्रांना विचारलं, अरे ज्याच्याकडे हिंदुस्थानातला एवढा तगडा किल्ला आहे तो माणूस खाली मैदानात काचसामानाचं घर का बांधेल? तिघांनी तीन उत्तरं दिली आणि आमची रात्रभर भांडणं. पुण्यात आल्यावर थोडं वाचलं तेव्हा कळलं की महाल बांधला तेव्हा किल्ला जयाजीरावांच्या ताब्यातच नव्हता! 1858 पासून 1886 पर्यंत तो इंग्रजांकडे होता. म्हणजे डोक्यावर सतत इंग्रजांचा झेंडा आणि खाली राजा झुंबरं टांगतोय. तेव्हापासून मला तो महाल वेगळाच दिसायला लागलाय. तुमचं काय मत?

---

पर्वतीपायथा

फोटो कुठायत? फोटोशिवाय प्रवासवर्णन फाऊल धरला जाईल.

---

निळीछत्री

मस्त लिहिलंय. मी लग्नाआधी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. आम्हाला गाईडनी दहा हत्ती सांगितले होते, माझ्या काकांना आठ. हत्तींची बेरीज-वजाबाकी गाईडप्रमाणे बदलते बहुतेक :ड

महालात शिरताना मोठ्या सॅका नेऊ नका एवढं कळकळीनी सांगेन. स्टेशनवर क्लोक रूम आहे तिथे टाका. एवढं ओझं घेऊन सगळी दालनं चाललात की संध्याकाळी किल्ला विसरा.

---

आजोबा नारायणपेठ

सॅकवाला, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. तरुण मंडळी झुंबराखाली सेल्फी काढून परत येतात, तुम्ही वर जाऊन खाली बघितलंत. थोडी भर घालतो, लांबलं तर सहन करा.

जयाजीराव 1843 मध्ये दत्तक आले, तेव्हा वय जेमतेम आठ-नऊ. त्याच वर्षाच्या शेवटी, 29 डिसेंबरला, महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या तहात संस्थानाची फौज कापली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज वाढवली, खर्च मात्र संस्थानाच्या माथी. हीच कंटिंजंट 1857 मध्ये उठली. म्हणजे पैसा ह्यांचा, शिपाई ह्यांच्या मुलखातले, हुकूम तिसऱ्याचा, आणि बंड झालं तेव्हा मधोमध बावीस-तेवीस वर्षांचा राजा.

जून 1858 च्या पहिल्या दिवशी मुरारजवळ जयाजीराव स्वतः फौज घेऊन बंडाच्या बाजूचे रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसमोर उभे राहिले. त्यांची बहुतेक फौज लढायच्या ऐवजी तिकडे जाऊन मिळाली. राजा आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. रावसाहेबांनी ग्वाल्हेरात दरबार भरवला. पुढे इंग्रज सेनापती सर ह्यू रोज आला, राणी पडली, 20 जूनपर्यंत शहर-किल्ला पुन्हा इंग्रजांकडे. राजाला गादीवर परत बसवलं पण किल्ला दिला नाही. तो 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात परत केला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीराव वारले. किल्ला काय तो फारतर तीन-चार महिने त्यांच्या वाट्याला आला.

आता त्या महालाकडे बघा. 1875-76 मध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार होता. त्याच्या स्वागताला हा महाल तयार ठेवला. हवी तेवढी फौज ठेवायची परवानगी नाही, किल्ला नाही, मग राजेपण दाखवायचं कशात? झुंबरात. माझं मत असं.

---

हडपसरची हिरकणी

आजोबा, माहिती एक नंबर. पण तुम्ही फारच हळुवारपणे लिहिलंत हो. राणी लढली, ह्यांनी तोफा तिच्यावर रोखल्या, इतकं सरळ आहे ते. राणीची समाधी तिथेच फूलबागेत आहे, महालापासून फार लांबही नाही. आम्ही आधी समाधीवर गेलो, मग महालात. त्या क्रमानी गेलं की चांदीच्या गाडीचं कौतुक करायला जीभ उचलत नाही. मी तर तिकीटच काढणार नव्हते पण ग्रुपमधल्यांनी ओढत नेलं.

---

कर्वेनगरी

ताई, हलके घ्या पण हे फार सोपं करून टाकलंत. त्या वेळी बडोद्यानी काय केलं, इंदूरनी काय केलं, निजामानी काय केलं? जवळपास सगळे इंग्रजांच्या बाजूनी किंवा कुंपणावर. एकट्या ग्वाल्हेरलाच शिव्या का? आणि ज्यांनी नाही जुळवून घेतलं त्यांचं काय झालं ते रोज ऑफिसला जाताना बघतोच की आपण. शनिवारवाड्यात आज काय आहे? तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आत नुसती जोती. 1818 ला पेशवाई गेली, 1828 ला वाडा जळला, संपला विषय. पेशव्यांची झुंबरं बघायला कुठे जायचं सांगा. शिंदे टिकले म्हणून त्यांच्या वस्तू टिकल्या.

---

हडपसरची हिरकणी

जुळवून घेतलं म्हणून टिकले हेच तर मी म्हणतेय. मग गाईडनी तेही सांगावं ना. हत्ती सांगतो, गालिचा सांगतो, 1858 आलं की पुढच्या दालनात चला म्हणतो.

---

सॅकवाला

हिरकणी ताई, आमच्या गाईडनी पण तेच केलं. मित्रानी मुद्दाम विचारलं की राणी लक्ष्मीबाईच्या वेळी इथे काय झालं, तर तो म्हणाला "साहब, ये महल तो बाद में बना।" उत्तर तसं बरोबरच आहे म्हणा, पकडता येत नाही.

पर्वतीपायथा, फोटो टाकतो हो, मोबाईल बदललाय.

---

रेल्वेवेडा

चांदीच्या गाडीवर इतकं कमी लिहिल्याबद्दल तीव्र निषेध.

ती गाडी म्हणजे नुसता राजेशाही चाळा नव्हता. जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव हे रेल्वेचे अक्षरशः वेडे. ग्वाल्हेर लाईट रेल्वे नावाची दोन फूट रुंदीची नॅरोगेज त्यांच्याच काळात उभी राहिली. तिची ग्वाल्हेर-श्योपूर लाईन जवळजवळ 200 किलोमीटरची होती आणि चक्क 2020 पर्यंत चालू होती. माझ्या नशिबानी मी त्यातून गेलोय. गाडी इतकी हळू की पोरं उतरून शेजारून चालायची, टपावर माणसं, एका स्टेशनवर ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन आला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता ब्रॉडगेजचं काम चालू आहे. ज्यानी टेबलावर रूळ टाकले त्याच माणसानी दुष्काळी मुलखातपण टाकले, दोन्ही एकत्र बघावं असं माझं म्हणणं. 1858 च्या हिशोबात माधवरावांना धरू नका, त्यांचा जन्मच 1876 चा.

---

पर्वतीपायथा

रेल्वेवेडा +१. ह्यावर वेगळा धागा काढा प्लीज.

---

खांबमोजणी

सॅकवाल्याच्या धाग्यातला तो आर्किटेक्ट मित्र मीच. भुका लागलेल्या म्हणे! बेडईच्या चार प्लेटी कुणी खाल्ल्या ते लिहू का इथे?

असो. मला जे जाणवलं ते लिहितो. जयविलासच्या दर्शनी भागात एकही गोष्ट ग्वाल्हेरची नाहीये, आणि किल्ल्यावरच्या मानमंदिरात एकही गोष्ट बाहेरची वाटत नाही. मानमंदिर म्हणजे राजा मानसिंह तोमरचा महाल, राजवट 1486 ते 1516. बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या-हिरव्या चकचकीत फरशांची नक्षी, त्यात बदकांची अख्खी रांग, हत्ती, केळीची झाडं, मगरी. पाचशे वर्षं उन्हातान्हात राहून तो निळा रंग अजून तसाच आहे. बाबर 1528 मध्ये ग्वाल्हेरला आला होता तेव्हा त्यानी हे महाल बघून आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि त्याच दौऱ्यात खालच्या जैन मूर्ती फोडायचा हुकूमही दिला. आत तळघरात जिने उतरून गेलात की अंधाऱ्या गोल खोल्या लागतात. तिथे मोगलांनी तुरुंग केला होता, औरंगजेबाचा भाऊ मुराद ह्याच किल्ल्यावर कैदेत होता आणि 1661 मध्ये इथेच त्याला मारलं. वर बदकं आणि खाली फाशीघर, एकाच इमारतीत.

म्हणून मला विचाराल तर ग्वाल्हेरला जाऊन "महाल" बघायचा तर तो मानमंदिर. जयविलास हे उत्तम प्रकारे केलेलं इंटिरियर आहे. आमचं रात्रभर भांडण ह्याच्यावरून झालं होतं, राजकारणावरून नाही, सॅकवाला स्वतःच्या सोयीनी सांगतोय.

---

सॅकवाला

खांब्या, तू इथे पण आलास :हाहा:

---

निळीछत्री

किल्ल्यावर जाणार असाल तर गाडीनी उरवाई बाजूनी वर जाऊ नका, किंवा गेलात तर उतरताना तरी त्या बाजूनी चालत या. दरीच्या दोन्ही कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, सगळ्यात मोठी पाच मजली घराएवढी. चढायला पूर्वेची वाट, गुजरी महालाकडून. तिथे गाड्या येत नाहीत, दगडी चढ आहे पण सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. गुजरी महालात म्युझियम आहे, ग्यारसपूरची शालभंजिका (स्त्रीची दगडी मूर्ती) तिथे बघायला मिळते, कुलपात ठेवलेली असली तर विनंती करा. एवढीशी मूर्ती आहे, पण मला अख्ख्या जयविलासपेक्षा ती जास्त लक्षात राहिली.

---

गणिताचे सर

आणि त्याच वाटेवर चतुर्भुज मंदिर! एका अखंड दगडात कोरलेलं छोटंसं देऊळ आहे, नव्वद टक्के लोक त्याच्यापुढून धापा टाकत निघून जातात. आतल्या शिलालेखात, इ.स. 876 चा आहे, फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप 270 हात लिहिलंय आणि रोज 50 माळा द्यायचं ठरलंय. त्या 270 आणि 50 मधलं शून्य आज आपण लिहितो तसं गोल आहे. बरेचदा कुलूप असतं, राखणदार आसपासच असतो, हाक मारायची. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा एकानी विचारलं, सर, एवढ्या लांब आलो ते शून्य बघायला? मी म्हटलं हो.

---

पर्वतीपायथा

ठ्ठो! सर, हे घरी सांगणार.

---

सूरपेटी

ग्वाल्हेरचा धागा आणि गाण्याचं नाव नाही? पुणेकरांनो! सवाई गंधर्व महोत्सवाला रात्री बसता (आता रात्रभर नसतो, तेही एक दुःख), पण जे ऐकता त्यातला मोठा हिस्सा त्या गावातून आलाय. हद्दू खाँ, हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारात गायचे. ती गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी अपार कष्ट काढून महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन, आणि विनायकबुवांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. माझ्या आईनी तिथे परीक्षा दिल्यात. तेव्हा दरबारानी झुंबरांवर पैसे उडवले ते उडवले, पण गवय्ये पण पोसले. हिरकणी ताई, हे पण वजनात धरा.

जाल तेव्हा सूफी संत मोहम्मद घौसच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी समाधी आहे तिकडे जा. घौसचा मकबरा केवढा आणि तानसेनाची कबर केवढीशी. चिंचेचं झाड आहे, पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात. मी खाल्ला. गळा होता तसाच आहे. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तेव्हाच जायचं ठरवा, थंडीतली तिळाची गजक पण ताजी मिळते.

---

हडपसरची हिरकणी

सूरपेटी, धरलं वजनात. तरी काटा माझ्याच बाजूला झुकतोय :)

पण एक मान्य, गाणारे आणि नॅरोगेज हे मला माहीतच नव्हतं.

---

कोल्हापूर ते कोथरूड

अवांतर: एवढ्या लांब जायला वेळ नसेल त्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा बघावा, 1884 मध्ये पूर्ण झालेला, चार्ल्स मँटचं डिझाईन. त्याच मँटनी बडोद्याचा लक्ष्मी विलास पण आखलाय. आत इथे पण भुसा भरलेले वाघ भरपूर. आणि बाहेर पडल्यावर तांबडा-पांढरा आहे, ग्वाल्हेरला आहे का?

---

कर्वेनगरी

कोल्हापूरकर प्रत्येक धागा जेवणावर नेणार म्हणजे नेणारच.

---

आजोबा नारायणपेठ

आणखी एक. ग्वाल्हेरला जायच्या आधी आपल्या वानवडीला जाऊन या. महादजी शिंदे 12 फेब्रुवारी 1794 रोजी तिथेच वारले, त्यांची छत्री तिथे आहे. पानिपतावर पाय कायमचा अधू झालेला माणूस, त्यानंतर उत्तरेत राहून दिल्लीच्या बादशहाला आपल्या मुठीत ठेवतो, आणि शेवटी पुण्यात येऊन मरतो. महादजींनी बांधलेलं महादेवाचं देऊळ दगडी, आपल्याकडचं. पुढचा सभामंडप नंतर माधवराव शिंद्यांनी केलेला, रंगीत काचा, विलायती थाट. मूळ पुरुष आणि त्याचे वंशज ह्यांच्यात काय फरक पडला हे एकाच आवारात दोन पावलांत बघायला मिळतं. मूळ घराणं साताऱ्याच्या कण्हेरखेडचं, तिथून उज्जैन, आणि मग दौलतरावांनी 1810 च्या सुमारास तळ ग्वाल्हेरला हलवला. बाकी जयविलासात आता मराठ्यांवर वेगळं दालनही केलंय 2022 मध्ये, ते मी बघितलेलं नाही. सॅकवाला, तुम्ही बघितलंत का? कसं आहे?

---

सॅकवाला

आजोबा, बघितलं. झेंडे, शस्त्रं, नकाशे, वेगवेगळ्या मराठा घराण्यांची माहिती, मांडणी नवीन आणि चकाचक आहे. दालनात शिरल्यावर मराठी माणसाला ऊर भरून येतो हे खरं, पण त्यातही महादजींवर भर जास्त आणि 1858 वर कमी. घर त्यांचं, भिंत त्यांची, त्यांनी काय टांगायचं ते तेच ठरवणार ना. म्हणून तर म्हणतो, महाल बघून झाला की त्याच दिवशी किल्ल्यावर जायचं आणि फूलबागेत पण जायचं. तिन्ही जागा मिळूनच ती गोष्ट पुरी होते, एकट्या महालात अर्धीच मिळते.

वानवडीला रविवारी सकाळी जातोय, आठ वाजता, खांब्या पण येतोय. कुणाला यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

---

खांबमोजणी

मी कधी हो म्हटलं?

---

रेल्वेवेडा

मी येतो. पण आठ म्हणजे आठ ना, का पुणेरी साडेनऊ? आणि येताना कॅम्पात नाश्ता कुठे करायचा ते आत्ताच ठरवा, तिथे उभं राहून चर्चा नको.